सत्तावन्नावं पान

माणूस निवृत्त झाला की त्याच्या मायाळूपणाचं कौतुक करायची आपल्याकडं पद्धत आहे. निरोप समारंभात तर उभ्या जन्मात कुणाला घोटभर पाणी न विचारलेला माणूससुद्धा ‘प्रेमळ’ ठरतो. फुलाक्का वाघमोडे यांच्या निरोपाला तो शब्द कुणी काढला नाही. काढला असता तर त्यांनी तिथंच उभं राहून तो दुरुस्त केला असता. चौतीस वर्षं त्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला तर नाहीच.

मी मलकापूरला राहतो आणि सांगलीच्या रस्त्यानं रोज मोटरसायकलवर कामाला जातो. विद्यापीठ मुख्य रस्त्यापासून आत, कृष्णेच्या अंगाला, चहूबाजूंनी ऊस. मी तिथं सहायक ग्रंथपाल म्हणून लागलो तेव्हा पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर फुलाक्का बसत. हुद्द्यानं त्या परिचर, म्हणजे माझ्या हाताखालच्या. पण पहिल्या दिवशी मी काउंटरच्या आत शिरलो आणि त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, “हात धुतलं का?” मी धुवून आलो. तिथंच कोण कुणाच्या हाताखाली ते ठरलं.

उंच, काटक बाई. कपाळाला भंडाऱ्याचं बोट ओढलेलं. चष्म्याची दोरी म्हणजे बाइंडिंगचा मेणाचा दोरा. उजव्या अंगठ्यावर शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग, तो साबणानं जात नसे आणि त्यांनाही घालवायचा नव्हता. माहेर जत तालुक्यातलं, वडील मेंढरं राखणारे. दहावी झाल्यावर सांगलीला ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स केला, त्या काळात त्यांच्या वस्तीवरनं एवढं शिकायला बाहेर पडलेल्या त्या एकट्याच. मुलगा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये होता. घरची एवढी माहिती मला सहा महिन्यांत मिळाली. पुस्तकांची माहिती मात्र पहिल्या तासात सुरू झाली.

रॅकमधलं पुस्तक काढायचं तर वरच्या कडेला बोट अडकवून ओढायचं नाही, शेजारची दोन पुस्तकं आत ढकलायची आणि मधलं हलकेच धरायचं. नव्या पोरांनी वरून ओढलं की अक्का विचारत, “मेंढराला कानानं वडतुस का रं?” थुंकी लावून पान उलटणाऱ्याला म्हणत, “जेवान झालं न्हाई वाटतं.” नोंदवहीत चूक झाली तर खाडाखोड नाही, पांढरी शाई तर त्यांनी हयातीत हातात धरली नाही. “खोडायचं न्हाई. येक रेघ मारायची, खाली खरं लिवायचं, सही करायची. चुकलेलंबी दिसाय पायजे की.” मला त्या ‘सुहाशा’ म्हणत. एकट्यात. चारचौघांत ‘सर’. मला दोन्ही आवडायचं.

त्यांच्या डूख धरण्याच्या गोष्टी सगळ्या विद्यापीठात माहीत होत्या. त्यातली एक मी स्वतः पाहिलेली. अर्थशास्त्राच्या एका जाड पुस्तकातली दहा पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती, माझ्याही आधी कधीतरी. कापणारा कोण ते अक्कांना पुस्तकात चिकटवलेल्या, कुणी कधी नेलं त्या तारखेच्या चिठ्ठीवरून कळलं होतं, पण तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. पुढं तो मुलगा शिकून मोठा झाला, कुठल्याशा कॉलेजात लागला, आणि आमच्याकडं व्याख्यानाला आला. गळ्यात ओळखपत्र, मागं चार विद्यार्थी. काउंटरवर येऊन त्यानं मोठ्या ऐटीत एक पुस्तक मागितलं. अक्का उठल्या, आणि मागितलेल्या पुस्तकाबरोबर ते दुसरंही घेऊन आल्या. “ह्येबी न्या सर. यात तेहेतीस ते बेचाळीस पानं न्हाईत. तुमच्याकडं असतील, ती लावून परत द्या.” विद्यार्थी हसावं की नाही अशा तयारीत उभे राहिले. त्या माणसानं व्याख्यान दिलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही म्हणतात.

मी म्हणालो, “अक्का, सात-आठ वर्षं झाली असतील त्या गोष्टीला.”

“मग? पानं परत आली का?”

“विसरायचं की.”

“इसरायचं न्हाई सुहाशा. ठिवायचं. इसारल्यालं कामाला येत न्हाई, ठिवल्यालं येतं.”

मग त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. दुपारची वेळ, काउंटरवर कुणी नव्हतं, त्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. “माझ्या बापाचं येक मेंढरू चोरीला ग्येलं. चोरणाऱ्यानं लोकर कातरली, पाठीवर लाल रंग मारला, नवा घुंगरू बांदला. लय हुशार. पर आमच्या मेंढरांच्या कानाला आतल्या अंगानं खूण असायची, बारकी कातर. कान कोन बघतंय? दोन वरसं बाप दर बाजाराला जायाचा. घ्यायचं न्हाई, इकायचं न्हाई, निस्ता मेंढरांचं कान बघत फिरायचा. मानसं हासायची. आन् येक दिस घावलं.”

“मग? मारलं त्याला?”

“कशाला? कान धरून वर क्येला आन् हुबा ऱ्हायला. येक सबूद बोलला न्हाई. धा गावची मानसं जमंस्तवर हुबा ऱ्हायला.” त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. “त्या चोराच्यात पुना कुनी सोयरीक क्येली न्हाई.”

आणि त्याच दुपारी त्यांनी मला आमच्या ग्रंथालयाचं गुप्त पान सांगितलं. ग्रंथालयात काम न केलेल्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. पुस्तकावर शिक्के असतात ते सगळ्यांना दिसतात: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, पाठीला लेबल. चोर ते काढतो. पण प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं आतलं पान असतं. त्या पानावर, शिलाईच्या बाजूला तळाशी, बारका शिक्का आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक असतो. पान कोणतं ते फक्त तिथल्या कामाच्या माणसांना माहीत. वाचकाला सांगायचं नाही, प्राध्यापकाला नाही, कुलगुरूंनासुद्धा नाही. आमचं पान सत्तावन्न.

“ही आपली कानाची खूण,” अक्का म्हणाल्या. “ज्याचं हात शाईचं, त्यालाच ठावं.”

हे सगळं महापुराच्या आधीचं.

त्या वर्षी धरणं भरली, पाऊस थांबेना, आणि कृष्णा पात्र सोडून आमच्या आवाराकडं सरकायला लागली. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर दुर्मिळ ग्रंथांचं लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली अक्कांकडं. आम्ही सगळे सकाळपासून तळमजल्यावरची पुस्तकं वर नेत होतो. वीज गेलेली. दुपारी इनामदार सर आले. इतिहासाचे प्राध्यापक, अधिष्ठाता, ग्रंथालय समितीचे अध्यक्ष. बोलणं गोड, धोतराची निरी कधी न विस्कटणारी, आणि स्वतःच्या व्यासंगाबद्दल स्वतःलाच मोठा आदर. त्यांनी दुर्मिळ कपाटातली तेवीस पुस्तकं निवडली आणि म्हणाले, “ही माझ्या घरी सुरक्षित राहतील. माझं घर चढावर आहे.”

अक्कांनी वही काढली. सर म्हणाले, “फुलाबाई, पाणी दारात आलंय आणि तुम्ही पावती मागताय?”

अक्कांनी वही मिटली. चौतीस वर्षांतली त्यांची ही एकच चूक. स्वतः डोक्यावर पोतं घेऊन त्यांनी दोन खोकी सरांच्या गाडीच्या डिकीत ठेवली. मी जिन्याच्या वळणावर होतो, हातात कोशांचा गठ्ठा. खिडकीतनं मला सगळं दिसलं: गाडी, खोकी, अक्का, सरांनी डिकी बंद करून वर एकदा बघितलं तेही. अक्कांनीही वर बघितलं. म्हणजे मी पाहतोय हे दोघांनाही माहीत होतं.

रात्रीतनं पाणी आलं आणि चार दिवस राहिलं. उतरल्यावर कपाट उघडलं तर उरलेल्या पुस्तकांचा लगदा. अक्का इनामदार सरांकडं गेल्या. सर म्हणाले, “कुठली पुस्तकं?”

पुढं चौकशी समिती बसली. अक्कांनी अर्ज दिला, तोंडी सांगितलं, खोक्यांवर काय लिहिलं होतं तेसुद्धा सांगितलं. सर म्हणाले, बाईंच्या मनावर पुराचा परिणाम झालाय, त्यांना सांभाळून घ्या. मग समितीनं मला बोलावलं. माझं प्रोबेशन संपायला दीड महिना होता, आणि मला कायम करायच्या अहवालावर ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांची सही लागत होती. “तुम्ही प्रत्यक्ष काही पाहिलं का?” मला विचारलं. अक्का समोरच्या बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर, अंगठ्याचा डाग वर.

मी म्हणालो, “मी वरच्या मजल्यावर पुस्तकं लावत होतो. माझं लक्ष नव्हतं.”

भ्याडपणा याला म्हणतात. दुसरा शब्द मी बरीच वर्षं शोधला, सापडला नाही.

अक्कांच्या सेवापुस्तकात शेरा बसला: निष्काळजीपणामुळे दुर्मिळ ग्रंथ नष्ट झाले. काउंटरवरनं काढून त्यांना तळघरात, बाइंडिंगच्या कामाला बसवलं. नव्या विद्यार्थ्यांशी बोलायचं काम कायमचं बंद. मी कायम झालो. त्या दिवशी पेढे घेऊन तळघरात गेलो तर अक्का स्टुलावरनं उठून उभ्या राहिल्या.

“बसा की अक्का.”

“न्हाई सर. तुमी सायब हाय.”

त्या दिवसापासून ‘सुहाशा’ संपलं. आवं सर, व्हय सर, न्हाई सर. मी आत आलो की उठून उभ्या. मी गेलो की बसत. चहा आणला तर कपबशीतनं, बशीखाली कागद घालून. कुणी बघितलं तर म्हणावं काय आदर आहे. सहा वर्षं. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो, रडल्या असत्या तर समजूत घातली असती. उभ्या राहणाऱ्या बाईला काय करणार? एकदा मी चिडून म्हणालो, “अक्का, उठत जाऊ नका, मला लाज वाटते.” त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या की सर. वाटू द्या.”

इनामदार सर दोन वर्षांनी निवृत्त झाले, पाचगणीला बंगला बांधून राहिले. तिकडं त्यांच्या ‘दुर्मिळ ग्रंथसंग्रहा’ची कीर्ती झाली. पाहुणे बंगल्यावर जाऊन पुस्तकांसमोर फोटो काढत.

अक्कांना निवृत्त व्हायला महिना उरला होता, तेव्हा नवं सेमिस्टर सुरू होत होतं. तो पहिला आठवडा आमच्याकडं जत्रेचाच असतो. नवी ओळखपत्रं, ई-बुकांचं ॲप मोबाइलमध्ये घालून देणं, अर्ध्या तासात पासवर्ड विसरून परत येणारी पोरं, पन्नास-पन्नासच्या टोळ्या करून त्यांना ग्रंथालय दाखवणं, आणि दरवर्षी एक ग्रंथप्रदर्शन. त्या वर्षी प्रदर्शन मोठं होतं. इनामदार सर आपला संग्रह विद्यापीठाला दान देणार होते. वाचनकक्षाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. कुलगुरू येणार, पाटीचं अनावरण होणार.

दान का दिलं असेल? मी पुष्कळ विचार केला. चोरी सहा वर्षं घरात सांभाळली की माणसाला ती आपलीच वाटायला लागते, हे एक. आणि पाटीवर नाव यायचं तर संग्रहात बघण्यासारखं काहीतरी हवंच होतं, हे दुसरं.

पुस्तकं टेम्पोतनं आली, स्ट्रॉबेरीच्या खोक्यांमधनं. नोंदणीसाठी तळघरात उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो तर अक्का उठल्या नाहीत. पोत्यावर बसल्या होत्या, आणि बाजूला पुस्तकांची एक वेगळी रास होती. सगळ्यांना नवं कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. मी वरचं उचललं. पहिलं पान फाडलेलं, पाठीचं लेबल पाण्यानं सोडवलेलं, शेवटचं पान नवं चिकटवलेलं. मी सत्तावन्नावं पान उघडलं. शिलाईपाशी आमचा शिक्का, फिका जांभळा. क्रमांक अक्कांच्या अक्षरात.

“किती?” मी विचारलं.

“एकुनीस. चार न्हाईत.”

सत्तावन्न पानांपर्यंत त्या गृहस्थानं एकही पुस्तक वाचलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. खरं सांगतो, चोरीपेक्षा त्याचा मला जास्त संताप आला.

“अक्का, अर्ज करू. मी स्वतः कुलसचिवांकडं जातो.”

“अर्ज सा वरसामागं क्येलता. त्याचं काय झालं त्ये तुमाला ठावं हाय, सर.” त्यांनी रास सरळ केली. “आन् आता माझ्याकडं म्हैनाच हाय. शेरा घिऊन मी घरी जानार न्हाई. मांडनी मी करनार. कार्डं तुमी लिवायची. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

प्रदर्शनात पुस्तकापुढं ठेवायची कार्डं घेऊन मी बसलो. अक्का सांगत होत्या, मी लिहीत होतो. पुस्तकाचं नाव. लेखक. दाखल क्रमांक, जुन्या वहीतला. मग म्हणाल्या, “ग्रंथालयातून बाहेर गेल्याची वेळ: महापुराच्या आदल्या दिवशी, दुपारी. नेणारे: ग्रंथालय समितीचे अध्यक्ष.” मी लिहिलं. “पाहणारे: फुलाबाई वाघमोडे.” लिहिलं.

“फुडं लिवा सर.”

“काय?”

“दुसरं नाव.”

उपग्रंथपालाच्या जागेसाठी माझी मुलाखत पुढच्या पंधरवड्यात होती, आणि इनामदार निवृत्त झाले तरी मुलाखत घेणाऱ्यांतले दोघं त्यांचे विद्यार्थी होते. हे अक्कांनाही माहीत होतं. त्या घाई करत नव्हत्या. त्यांच्या बापानं दोन वर्षं बाजार केला होता.

मी माझं नाव लिहिलं. मग पुढचं कार्ड. एकोणीस कार्डं, एकोणीस वेळा तेच. एका कार्डावर निसटता आलं असतं, पण अक्का प्रत्येक कार्ड वाचूनच पुढचं देत होत्या. तेराव्याला माझ्या नावात चूक झाली. मी नवं कार्ड मागितलं. त्या म्हणाल्या, “रेघ मारा. खाली लिवा. सही करा.”

प्रदर्शनाच्या काचेच्या पेट्या कुपवाडहून करून आणल्या होत्या. अक्कांनी सकाळी लवकर येऊन मांडणी केली, पेट्यांना कुलपं लावली, वर पांढऱ्या चादरी टाकल्या आणि किल्ल्या कमरेला खोचल्या. ग्रंथपाल मॅडम नव्या होत्या. त्यांना वाटलं, अनावरणासाठी किती छान कल्पना.

कार्यक्रम अकराला सुरू झाला. पहिल्या वर्षाची पोरं भिंतीला लागून दाटीनं उभी. कुलगुरूंनी फीत कापली. इनामदार सरांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. अक्कांनी एकेक चादर ओढली आणि घडी घालून बाजूला ठेवली, घरात अंथरूण काढावं तशी. सर पेटीवरनं हात फिरवत सांगत होते, “हे दक्षिणेत कुठंही मिळणार नाही.” कुलगुरू खाली वाकले. चष्मा काढून पुसला आणि परत वाकले.

एका मुलीनं विचारलं, “मॅम, सगळी पुस्तकं सत्तावन्नाव्याच पानावर का उघडली आहेत?”

प्रश्न मॅडमना होता. उत्तर अक्कांनी दिलं. सहा वर्षं त्यांना विद्यार्थ्यांशी बोलायची बंदी होती, पण त्या क्षणी कुणाला ती आठवली नाही.

“बाळा, नव्या पोरांना गरंथालयाची वळख करून द्यायची असती न्हवं? मग ह्येबी ऐका.” आणि त्यांनी गुप्त पान सांगितलं. साध्या आवाजात, काउंटरवर सांगत असल्यासारखं: शिक्का कुठं असतो, का असतो, चोर काय काय काढतो आणि काय राहून जातं. चौतीस वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी पावणेदोनशे पोरांसमोर सांगून टाकली. मग किल्लीनं पेटी उघडली, एक पुस्तक बाहेर काढलं, सत्तावन्नाव्या पानावर उघडं धरून हात वर केला आणि उभ्या राहिल्या.

मागची पोरं पुढं आली. दारातली आत आली. शिपाई आले, हिशेब विभागातले कारकून आले. त्या हात वर धरून उभ्याच. जतच्या बाजारात त्यांचा बाप कसा उभा राहिला असेल ते मला त्या दिवशी दिसलं.

इनामदार सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “अहो, पुरातनं वाचवली मी ही पुस्तकं. वाचवली म्हणून तर आज आहेत.”

“व्हय सर, वाचवली,” अक्का म्हणाल्या. “पर पानी लेबल भिजवंल. पैलं पान फाडून नवं बायंडिंग करत न्हाई पानी.”

पोरांमध्ये कुणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ जण. सरांचा चेहरा बदलला. त्यांनी पेटीतलं कार्ड वाचलं. “हे कुणी लिहिलं? कुणाचं अक्षर हे?”

“माझं, सर,” मी म्हणालो. “नावही माझंच आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डिकी बंद करताना वर पाहिलं होतं तसंच. त्या वेळी मी नजर चुकवली होती. नारळ तिथंच टेबलावर ठेवून ते निघाले, शाल मात्र खांद्यावरच राहिली. जेवणाला थांबले नाहीत. त्यांच्या नावाच्या पाटीवरचा पडदा कुणी ओढला नाही. पाटी पुढं काढली, पडद्याचा दांडा अजून भिंतीला आहे, आणि मी तो काढू देत नाही.

आठवड्याभरात कुरिअरनं चार पुस्तकं आली. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. अक्कांनी चारही सत्तावन्नाव्या पानावर उघडली, जुन्या वहीतल्या तेवीस नोंदींपुढं बारीक टिंबं केली आणि वही मिटली.

मुलाखतीत माझी निवड झाली नाही. ते होणारच होतं. मला वाईट वाटलं, पण जिन्याच्या त्या खिडकीपाशी आता मी थांबू शकतो.

सेवापुस्तकातला शेरा काढून टाकायचा आदेश निघाला. कारकुनानं अक्कांना बोलावून सांगितलं, शेऱ्यावर कोरा कागद चिकटवतो, दिसणार नाही. अक्का म्हणाल्या, “हात लावायचा न्हाई. खोटं कुनी लिवलं त्येबी दिसाय पायजे. रेघ मारा, खाली खरं लिवा, सायबाची सही घ्या.” सही होईपर्यंत त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मग चष्मा चढवून दोनदा वाचलं.

निरोपाला चारच माणसं बोलली. अक्कांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, “सत्तावन्न आता समद्यांला ठावं झालं. उद्यापासनं दुसरं पान धरा.” एवढंच. ते पान आम्ही धरलं. कोणतं ते इथं लिहिणार नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर फाट्यावर गेलो. मोटरसायकलवर बसायला त्या नाही म्हणाल्या, म्हणून ती ढकलत चाललो. पिशवीही त्यांनी दिली नाही. उसाच्या कडेनं एक किलोमीटर आम्ही तसेच आलो. फाट्यावर लिंबाखाली थांबल्यावर मी सहा वर्षं घोळवलेलं वाक्य अखेर बोललो.

“अक्का, त्या दिवशी समितीपुढं माझं चुकलं.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “व्हय,” म्हणाल्या. “चुकलं.”

“आता तरी...”

“कार्डं चांगली लिवली तुमी. त्ये मी ठिवलंय. आन् त्येबी ठिवलंय.”

जतची गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. वाटत होतं, आता एकदा तरी त्या मला नावानं हाक मारतील. कंडक्टरनं घंटी दिली. अक्कांनी खिडकीतनं हात बाहेर काढला, अंगठ्यावर जांभळा डाग.

“येते, सर,” त्या म्हणाल्या.